सरावाची बंदूक आणि कायद्यातील व्याख्या

२६ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘बाँडी विरुद्ध वॅनडरस्टॉक’ या खटल्यात दिलेला निर्णय विधिज्ञांइतकाच अर्थविचाराच्या अभ्यासकांनीही वाचण्याजोगा आहे. सुट्या भागांचा जो संच घरी जुळवून पिस्तूल सिद्ध करता येते, तो १९६८ च्या बंदूक-नियंत्रण कायद्याखाली ‘अग्निशस्त्र’ ठरू शकतो काय, हा वादाचा विषय होता. काही संच तरी निश्चित ठरतात, असा निर्णय सात विरुद्ध दोन मतांनी झाला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती गॉर्सच यांनी मनुष्यनिर्मित वस्तूंच्या नामांचा आधार घेतला. अशी नामे पूर्णत्वास गेलेल्या वस्तूपुरतीच राहत नाहीत. जिचे प्रयोजन स्पष्ट झाले आहे अशा अपुऱ्या वस्तूसही ती लागतात. अपुरी कादंबरी ही कादंबरीच होय.

मराठी भाषकास यात नवल वाटू नये. ‘पीठ दळून आण’ असे सांगताना गिरणीत जाते ते धान्य. ‘भात शिजत घाल’ म्हणताना हाती असतात ते तांदूळ. होणाऱ्या वस्तूचे नाव आधीच देण्याची ही रीत भाषेत इतकी रुळलेली आहे की तिची उपपत्ती शोधण्याची गरजच कोणास भासत नाही. परंतु या उपपत्तीला दिशा एकच आहे. अपूर्णाकडून पूर्णाकडे जाणारी वस्तू तिच्या कक्षेत येते; पूर्ण झालेली वस्तू आपल्या प्रयोजनापासून माघारी फिरली तर तिचे नाव उरते की सुटते, याविषयी ती काहीच सांगत नाही. या माघारीचे उत्तम उदाहरण म्हणजे सरावाची बंदूक.

पोलीस व सैनिक यांच्या शिक्षणासाठी खऱ्या पिस्तुलाची नळी व वरचा सरकता भाग बदलून त्यातून केवळ रंगखूण उमटविणारी काडतुसे उडविण्याची व्यवस्था करतात. नेहमीचे काडतूस अशा पिस्तुलातून उडू नये, हाच त्या बदलाचा हेतू. ‘सरावाची’ हे विशेषण येथे कोणत्या जातीचे मानावयाचे? ‘सरावाचा सामना’ हा सामनाच असतो. ‘लाकडी घोडा’ मात्र घोडा नसतो. बोथट केलेली तलवार तलवारच राहते, आणि नाटकातील पत्र्याच्या तलवारीविषयी तसे म्हणणे कठीण. अमेरिकन कायद्याने हा पेच अर्थाने सोडविलेला नाही, संकेताने सोडविला आहे. शस्त्राचा मूळ सांगाडा हाही स्वतंत्रपणे अग्निशस्त्रच, असे तेथील व्याख्येचे दुसरे कलम म्हणते. नळी बदलली तरी सांगाडा तोच. म्हणून रूपांतरित पिस्तूल कायद्याच्या दृष्टीने होते तेथेच राहते. व्यवहारभाषेत अंश म्हणजे अंशी नव्हे. परंतु कायद्याने सांगितल्यावर तो होतो, व याला भाषाशास्त्राचे प्रमाणपत्र लागत नाही.

खरी अडचण मुळापासून सरावासाठीच घडविलेल्या बंदुकीची. तिचा सांगाडाही ‘अशा शस्त्राचा’ आहे काय, हे ‘शस्त्र’ या शब्दावर अवलंबून राहते, म्हणजे विवेचन चक्राकार होते. रंगाची गोळीही स्फोटकाच्याच जोराने बाहेर पडते. तेवढ्याने भागत असते तर भिंतीत खिळे ठोकणारे स्फोटकचालित अवजारही अग्निशस्त्र झाले असते. ते होत नाही, कारण ते शस्त्र नव्हे. मग प्रयोजनावर भर देणाऱ्या निकालपत्राच्या तर्काने इजा न करण्यासाठीच निर्मिलेली वस्तू तरी शस्त्र कशी ठरावी? व्याख्येतील ‘सहज रूपांतर करता येण्याजोगी’ हे शब्दही ‘शस्त्र’ या नामाचेच विशेषण आहेत; नामाची जागा ते घेऊ शकत नाहीत. शर्यतीच्या आरंभी आवाज करणाऱ्या पिस्तुलाचा कायद्यात कंसात उल्लेख आहे. ‘शस्त्र’ शब्दाची व्याप्ती मुळातच किती मोठी आहे, याचा हा पुरावा असे गॉर्सच मानतात. याच्या उलट वाचनही तितकेच संभवनीय आहे: नुसत्या शब्दात ते पिस्तूल सामावत नव्हते, म्हणून तर कंस घालावा लागला! या पर्यायाचा विचार निकालपत्रात अधिक व्हावयास हवा होता.

युरोपीय संघाने निराळा मार्ग घेतला. जानेवारी २०१५ मधील पॅरिसच्या हल्ल्यात वापरलेल्या बंदुकांपैकी काही स्लोव्हाकियात केवळ आवाज करणाऱ्या म्हणून विकल्या गेल्या होत्या व पुढे पुन्हा मारक करण्यात आल्या होत्या. यानंतर, २०१७ च्या निर्देशाने, आवाजी काडतुसांसाठी रूपांतरित केलेले शस्त्र रूपांतरापूर्वीच्या वर्गातच गणले जावे, असे ठरले. येथे नाव प्रयोजनावरून पडत नाही, वस्तूच्या पूर्वेतिहासावरून पडते. रूपांतरित वस्तूंपुरते हे धोरण अर्थदृष्ट्याही अधिक सरळ आहे. मूळ सरावासाठीच्या वस्तूला मात्र पूर्वेतिहासच नसतो.

भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाची शब्दयोजना या संदर्भात पाहण्यासारखी आहे. स्फोटकाच्या वा अन्य ऊर्जेच्या योगे ‘कोणत्याही प्रकारची’ प्रक्षेप्य वस्तू सोडण्यासाठी रचलेले किंवा योजलेले शस्त्र ते अग्निशस्त्र, अशी तेथील व्याख्या. सुटे भागही तिच्यात आले. रंगाची गोळी या शब्दांतून निसटत नाही. परंतु येथेही दार ‘शस्त्र’ या शब्दाशीच आहे, आणि त्या दाराशी एक दुहेरी नकार उभा आहे: खेळण्याखेरीज अन्य रीतीने वापरता न येणारी, किंवा उपयुक्त शस्त्रात रूपांतरित होऊ न शकणारी शस्त्रे वगळावीत. मूळ इंग्रजी वाक्यातील ‘किंवा’ शब्दशः घेतल्यास दोहोंपैकी एक अट पुरते. ‘असमर्थ’ या शब्दातील नकार दोन्ही अंगांवर पसरला आहे असे मानल्यास दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्यास कैदेची शिक्षा असल्याने हा अन्वय व्याकरणाच्या वर्गापुरता राहत नाही. दुसरे वाचनच ग्राह्य वाटते, कारण पहिल्याने पुन्हा मारक करता येणारे खेळणेही मोकळे सुटते.