‘७२’ ही कोणाची नाडी?

हृदयाचे ठोके मिनिटाला ७२ पडतात, हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे चालत आले आहे. ते चूक नाही, अपुरे आहे; आणि त्याचा अपुरेपणा परीक्षेत नव्हे, प्रार्थनेच्या रांगेत उघडा पडतो.

कोल्हापुरात नवरात्राच्या दिवसांत एखादी मुलगी रांगेत उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसते. लगेच कारणे पुढे येतात : उपवास, अंगात रक्त नाही, परीक्षेची भीती, नाहीतर सरळ ‘नाटक’. पहिली तीन खरी असू शकतात. आमचा आक्षेप आहे तो काहीही न मोजता निकाल देण्याला.

आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाच्या खालच्या भागात व पायांत उतरते. मग स्वायत्त चेतासंस्था रक्तवाहिन्या आकसवते, नाडी दहा-वीस ठोक्यांनी वाढते आणि मेंदूचा रक्तपुरवठा टिकतो. ७२ हा आकडा झोपलेल्या माणसाचा की उभ्या, हे पुस्तक सांगत नाही.

काहींची नाडी मात्र उभे राहताच फारच वाढते. या विकाराला ‘पोश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम’, थोडक्यात ‘पॉट्स’, म्हणतात. शोंडॉर्फ आणि लो यांनी १९९३ मध्ये त्याचे वर्णन केले. उभे राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी ३० ठोक्यांनी (१२ ते १९ वर्षे वयात ४० ठोक्यांनी) वाढणे, रक्तदाब मात्र फारसा न उतरणे आणि त्रास किमान तीन महिने असणे, या त्याच्या खुणा.

आता उलट बाजूची घाई. कोविडनंतर हे नाव बरेच ऐकू येऊ लागले, म्हणून नाडी वाढली की ‘पॉट्स’ असे होत नाही. शरीरातले पाणी कमी झाले किंवा रक्तक्षय असला तरी उभ्याने नाडी अशीच धावते. झोपलेली असतानाही ती जलद असेल तर ताप, रक्तक्षय, थायरॉइड यांचा विचार आधी हवा. तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० ने उतरला तर तो वेगळा विकार. नेहमीच्या मूर्च्छेत नाडी मंदावते, दाबही कोसळतो. भीतीची धडधड केवळ आडवे झाल्याने थांबेलच असे नाही. ‘पॉट्स’मध्ये आडवे होताच बहुधा आराम पडतो. धावताना शुद्ध हरपली, तर मात्र हृदयाची तपासणी ताबडतोब व्हायला हवी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आहे. म्हणून हिमोग्लोबिन आधी तपासावे, हे योग्यच. पण ते पुरेसे निघाले आणि मुलीला तरीही उभे राहवत नसेल, तर ‘काही नाही’ म्हणून तिला परत रांगेत पाठवणे आम्हाला मान्य नाही.

निदान डॉक्टरांनी करायचे. मात्र पाच मिनिटे निजवून आणि नंतर उभे केल्यावर १, ३, ५, १० मिनिटांनी नाडी मोजणे हा निरोगी विद्यार्थ्यांसाठी वर्गातलाच प्रयोग आहे. जवळ कोणीतरी असावे, गरगरले की लगेच आडवे करावे. आणि चक्कर आलेल्या मुलीला दवाखान्यात पाठवताना चिठ्ठीत ‘अशक्तपणा’ एवढेच न लिहिता ती किती वेळ उभी होती, काय खाल्ले-प्यायले होते, आडवी केल्यावर किती वेळात सावरली, तेही लिहावे.