बायबलमधील दैनंदिनता आणि ईश्वरी सार्वभौमत्व : 'रूथ'च्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :
ईश्वर सर्वसत्ताधीश आहे, हे तत्त्व बायबलमध्ये केवळ सृष्टीची उत्पत्ती किंवा राज्यांचा उदयास्त एवढ्यापुरते मर्यादित नाही. झोप, भाकर, चिमणी, डोक्यावरील केस अशा क्षुल्लक तपशिलांपर्यंत ते पोहोचते. यवतमाळ येथे 1953 ते 1983 या काळात युनियन बिब्लिकल सेमिनरी कार्यरत होती. त्यामुळे या ग्रंथाचे शास्त्रशुद्ध अध्ययन या जिल्ह्याला अपरिचित नाही. तथापि, साहित्यकृती म्हणून त्याचा विचार मराठीत तुलनेने कमी झाला आहे. प्रस्तुत लेखात या तत्त्वाचे कथनरूप तपासले आहे.

योगायोगाचे कथन :
रूथ ही परदेशी विधवा सरवा वेचण्यासाठी निघते आणि 'योगाने' बवाजाच्या शेतात पोहोचते. मूळ हिब्रू वाक्यात योग या अर्थाच्या शब्दाची द्विरुक्ती आहे. निवेदक येथे ईश्वराचे नाव घेत नाही. तो अर्थ वाचकावर सोपवतो. 'एस्तेर' या पुस्तकाच्या हिब्रू संहितेत तर ईश्वराचे नावच नाही. एका रात्री राजाला झोप लागत नाही, इतिहासाची बखर वाचली जाते, मर्दखयाची विसरलेली सेवा उजेडात येते आणि कथेला कलाटणी मिळते. चमत्काराऐवजी दैनंदिन घटनेतून सत्ता सूचित करणे, हे या कथनाचे वैशिष्ट्य होय.

दैववादापासूनचे अंतर :
हे तत्त्व 'नशीब' किंवा 'प्रारब्ध' यांच्याशी एकरूप मानणे मात्र योग्य नाही. रूथला सरवा मिळतो तो केवळ योगाने नव्हे. शेताच्या कडेचे पीक कापू नये, पडलेली कणसे गरीब व परक्यासाठी ठेवावीत, असा नियम लेवीय 19 मध्ये आहे. बवाज तो पाळतो, किंबहुना मजुरांना मुद्दाम कणसे टाकावयास सांगतो. म्हणजेच ईश्वरी योजना मानवी कर्तव्याला वगळून नव्हे, तर त्याच्याच द्वारे पूर्ण होते. शेतकरी आत्महत्यांचे दुःख सोसलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा भेद महत्त्वाचा ठरतो. 'देवाची इच्छा' असे म्हणून सावकारी, नापिकी व धोरण यांची जबाबदारी झटकणाऱ्यास या कथेत आधार मिळत नाही.

तक्रारीचे स्थान :
पती व दोन्ही मुलगे गमावलेली नामी, 'मला नामी म्हणू नका, मारा म्हणा', या आशयाचे उद्गार काढते. नामी म्हणजे मनोरमा, मारा म्हणजे कटू. ती आपल्या दुःखाचा कर्ता ईश्वरच मानते आणि निवेदक तिला दोष देत नाही. मराठीत याचे निकटचे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये आढळते. राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत भेटलेल्या एका सहप्रवाशाने ना. वा. टिळकांना नवा करार दिला. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या चरित्रात ती भेट ईश्वरी योजना ठरते. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला मात्र तिच्यामुळे काही वर्षांची ताटातूट आली. पुढे 1900 मध्ये त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी ते दुःख त्यांनी लेखनातून पुसून टाकले नाही. योजनेची कथा कोणाच्या बाजूने सांगितली जाते, हा प्रश्न म्हणूनच समीक्षेला टाळता येत नाही.

समारोप :
मत्तयाच्या शुभवर्तमानात एका नाण्यास दोन चिमण्या आहेत, लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांस पाच. पाचवी जणू फुकटच. पण तिचाही विसर पडत नाही. चिमणी पडणारच नाही, असे मात्र येशू म्हणत नाही. ती पित्याच्या नकळत पडत नाही, एवढेच त्याचे सांगणे आहे. सुरक्षिततेची हमी आणि सोबतीचे आश्वासन यांतील हा भेद लक्षात घेतल्यास, दैनंदिन तपशिलांवरील ईश्वरी सत्तेचे तत्त्व माणसाला निष्क्रिय करीत नाही. उलट, शेताच्या कडेला राहिलेल्या कणसांविषयी उत्तरदायी करते.