अवकाशातील शोध आणि अर्थभेद : दोन व्हिडिओ गेमचा विचार

अवकाशसंचारावर आधारलेल्या व्हिडिओ गेमचे मोल त्यातील विश्वाच्या विस्तारावरून ठरविण्याची प्रवृत्ती खेळणाऱ्यांत आणि खेळ रचणाऱ्यांतही आढळते. इंग्लंडमधील हेलो गेम्स या संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘नो मॅन्स स्काय’ने ही प्रवृत्ती टोकाला नेली. त्यातील ग्रहांची संख्या २ चा ६४ वा घात, म्हणजे १८ वर १८ शून्ये मांडली असता जी संख्या होईल तिच्याहूनही अधिक आहे. हे ग्रह कोणी एकेक करून घडविलेले नाहीत. बीजसंख्येवरून गणिती नियमांनी ते सिद्ध होतात. कल्पना भव्य आहे, यात शंका नाही. तथापि दहाव्या-बाराव्या ग्रहावर उतरताना मला जो शीण जाणवला, त्याची मीमांसा केली पाहिजे.

मराठीत ‘फळ’ या शब्दातील ‘फ’ कोणी ओठ मिटून उच्चारतो, कोणी दात ओठाला टेकवून. कानाला भेद कळतो, परंतु अर्थ बदलत नाही. ‘पळ’ आणि ‘फळ’ यांतील भेद मात्र अर्थभेदक आहे. ‘नो मॅन्स स्काय’मधील ग्रहाग्रहांतले भेद बहुतांशी पहिल्या जातीचे आहेत. येथील प्राणी षट्पाद, तेथील चतुष्पाद. येथील आकाश तांबूस, तेथील हिरवट. पण एका ग्रहावर जे पाहिले त्यावरून दुसऱ्याविषयी प्रवासाची दिशा बदलावी असे अनुमान क्वचितच निघते. ध्वनी विपुल, स्वनिम विरळा, अशी ही स्थिती आहे. या खेळातील परग्रहवासीयांच्या भाषाही याच न्यायाने शिकाव्या लागतात. ज्ञानशिलेपाशी गेले की एक शब्द पदरात पडतो आणि पुढील संभाषणात तो अनुवादित होऊन दिसतो. वाक्यरचनेचे कोडे नाही, शब्दाचा अर्थ चुकीचा लावण्याची धास्ती नाही. याला संग्रह म्हणता येईल. भाषा शिकणे म्हणता येणार नाही.

याच्या उलट टोकाला मोबियस डिजिटल या संस्थेचा ‘आउटर वाइल्ड्स’ (२०१९) हा खेळ आहे. अॅलेक्स बीचम यांच्या पदव्युत्तर प्रबंधातून तो उदयास आला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी. येथे एकच लहानशी सूर्यमाला आहे. बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो, खेळणारा मरतो आणि पुन्हा आरंभी येतो. नवे शस्त्र नाही, यानाला नवी शक्ती नाही. मागील फेरीतून पुढे येते ते केवळ कळलेले. जो मार्ग शेवटी सापडतो तो पहिल्याच फेरीत मोकळा होता, फक्त तो ठाऊक नव्हता.

एक उदाहरण घेऊ. (ज्यांना हा खेळ अद्याप खेळावयाचा आहे त्यांनी हा परिच्छेद गाळावा, असा खेळ खऱ्या अर्थाने एकदाच खेळता येतो.) ‘डार्क ब्रॅम्बल’ या धुक्याने भरलेल्या स्थळी अजस्र मासे यान गिळून टाकतात. कितीही वेगाने निसटू म्हटले तरी निभाव लागत नाही. उपाय आहे तो ‘एम्बर ट्विन’ या निराळ्याच ग्रहावर, एका माशाच्या अश्मीभूत सांगाड्यापाशी. लुप्त झालेल्या नोमाई लोकांची मुले तेथे आपल्या आंधळ्या कोशिंबिरीसारखा एक खेळ खेळत; मासा होणाऱ्याचे डोळे बांधलेले आणि इतरांनी आवाज न करता त्याच्याजवळून सरकावयाचे. पोरखेळाचे नियम वाचता वाचता ध्यानात येते की मासे आंधळे आहेत आणि केवळ ऐकतात. मग यंत्र बंद करून यान नुसते वाहू द्यावयाचे. एका ठिकाणचा भेद दुसऱ्या ठिकाणी अर्थ पालटतो, तो असा.

असे असूनही या खेळाविषयी माझी एक तक्रार आहे. नोमाईंचे लेख वर्तुळाकार वळणांचे असून मूळ लेखातून उत्तराची फांदी फुटते. संवादाची रचना डोळ्यांना दाखविणारी अशी लिपी कल्पिणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु खेळणाऱ्याच्या हाती आरंभापासूनच अनुवादयंत्र दिलेले आहे. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने सांचीच्या लहान लहान लेखांचा शेवट त्याच अक्षरांनी होतो हे पाहून तेथे ‘दानं’ हा शब्द असावा असे ताडले आणि ब्राह्मी वाचनाची वाट मोकळी झाली. असे ताडण्याचा आनंद येथे यंत्राने हिरावून घेतला आहे. २०१९ मध्येच आलेल्या इंकल या संस्थेच्या ‘हेवन्स व्हॉल्ट’मध्ये तो आहे. त्यातील पुरातत्त्वज्ञ अलिया हिने प्राचीन लेखाचा लावलेला अर्थ चुकू शकतो आणि ती चुकीचे वाचन घेऊनच पुढे जाते.

कोणी म्हणेल, लिपीचे कोडे घातले असते तर बावीस मिनिटांत ग्रहांची कोडी कधी सुटावयाची? आक्षेप रास्त आहे. शिवाय यंत्र शब्दांचा अर्थ सांगते, पण मुलांचा तो खेळ कोठे उपयोगी पडेल हे सांगत नाही. ते खेळणाऱ्यानेच जाणावयाचे असते. तरीही, इतक्या भिंतींवरील इतक्या लेखांपैकी एखादा तरी यंत्राला न वाचता येणारा ठेवला असता, तर मी त्यापुढे पुष्कळ वेळा बसलो असतो.