कालवांची प्रतिकारक जनुके : एका अनुमानाची चिकित्सा

कालव समुद्राचे पाणी गाळून आपले अन्न मिळविते. साहजिकच त्या पाण्यातील असंख्य जंतूंशी त्याचा अहोरात्र संबंध येतो. पृष्ठवंशी प्राण्यांप्रमाणे प्रतिपिंडे निर्माण करण्याची सोय त्याच्यापाशी नाही. जंतू गिळणाऱ्या रक्तपेशी आणि जंतुनाशक प्रथिने यांवरच त्याच्या संरक्षणाची मुख्य भिस्त असते.

पॅसिफिक कालवाचा जनुकसंच २०१२ साली प्रसिद्ध झाला, आणि या संरक्षणव्यवस्थेची समृद्धी प्रथमच ध्यानात आली. जंतूंची चाहूल घेणाऱ्या 'टोल'सदृश ग्राहकांची मानवात १० जनुके आहेत. या कालवात ती ८३ असल्याचे पुढील विश्लेषणात आढळले. तेव्हापासून एका ठरावीक साच्याच्या निबंधांना बहर आला आहे. व्हिब्रिओ जातीचे जंतू कालवाच्या स्नायूत टोचावयाचे, काही तासांनी एखाद्या जनुकाचा संदेशक आरएनए मोजावयाचा, आणि तो वाढलेला दिसताच त्या जनुकास 'प्रतिकारक' ही पदवी बहाल करावयाची. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप आहे तो या शेवटच्या पायरीस.

वाढ ही घटना आहे. प्रतिकार हे तिच्यावरून काढलेले अनुमान आहे. सुईने झालेली जखमही अनेक जनुकांना जागे करते. निर्जंतुक खारे पाणी टोचलेला तुलनागट नसेल, तर जंतूचा परिणाम कोणता आणि जखमेचा कोणता, हे सांगणे अशक्य होते. शिवाय स्नायूत टोचलेला जंतू त्वचा व कल्ले यांचे स्वाभाविक अडथळे ओलांडूनच आत येतो.

घट झाली असतानाही हीच सावधगिरी हवी. रक्तपेशींतील डिफेन्सिनांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. जंतुसंसर्गानंतर अभिसरणातील रक्तात त्यांच्या संदेशाचे प्रमाण उतरते. याचा अर्थ जनुक निद्रिस्त झाले असा नव्हे. त्या पेशीच रक्त सोडून ऊतींकडे गेल्या असाव्यात, असे संशोधकांनी सुचविले. पेशींची गणना केल्यावाचून जनुकाविषयी निर्णय देणे म्हणजे घरमालक गावाला गेला असता घर ओस पडले म्हणण्यासारखे आहे.

या पार्श्वभूमीवर फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध केलेले कार्य विशेष मोलाचे वाटते. तेथे २००८ पासून कोवळ्या कालवांचा मोठा संहार होत आला होता. संशोधकांनी सुई बाजूला ठेवून रोगी कालवांच्या सहवासातून संसर्ग घडविला, आणि रोगास बळी पडणारी व टिकून राहणारी कुळे यांची तुलना केली. बळी पडणाऱ्या कुळांत हर्पिस वर्गातील विषाणू प्रथम रक्तपेशींत वाढतो, जंतुनाशक पेप्टाइडांची निर्मिती मंदावते आणि मग संधिसाधू जंतू रक्तात माजून मृत्यू ओढवतो, असा क्रम त्यांनी मांडला. जनुकांची संख्या विपुल असूनही ती ज्या पेशीत कार्य करावयाची, ती पेशीच शत्रूच्या ताब्यात गेल्यास ती निरुपयोगी ठरतात, हा त्यातील खरा बोध होय.

तरीही दोन मर्यादा नमूद करणे अगत्याचे आहे. पेप्टाइडांचा संदेश उतरणे हे मृत्यूचे कारण, की रक्तपेशींच्या हानीचे निव्वळ चिन्ह, हा भेद केवळ संदेशाच्या मोजणीने स्पष्ट होत नाही. दुसरे असे की, फ्रान्समध्येच व्हिब्रिओ एस्टुआरिएनस हा जंतू प्रौढ कालवांचा बळी विषाणूच्या मदतीवाचूनही घेतो. तेव्हा हा क्रम कालवांच्या सर्व रोगांना लागू करता येणार नाही.

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. एखाद्या जनुकाच्या आधारे रोगसह वाणाची निवड केली आणि ते अनुमानच चुकीचे ठरले, तर त्याची किंमत कालवे जोपासणाऱ्यास पुढील हंगामात मोजावी लागते. म्हणून या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी निदान तीन गोष्टींचा आग्रह धरावा : जखमेचा वेगळा तुलनागट, रक्तपेशींची गणना आणि प्रत्यक्ष प्रथिनाचे मापन. आरएनए-हस्तक्षेपाने जनुक दाबून जगण्याच्या प्रमाणात फरक पडतो का, हे पाहिले तर उत्तमच. एवढे झाल्यावर 'प्रतिकारक' हे विशेषण जनुकाने खऱ्या अर्थाने कमावले असे म्हणता येईल.