‘चेतासंरक्षण’: एका संज्ञेची चिकित्सा

शास्त्रीय संज्ञा म्हणजे वस्तूला लावलेली केवळ खूण. ती कशीही असली तरी शास्त्राचे काही अडत नाही, असा समज विज्ञानाच्या अभ्यासकांत रूढ आहे. पुष्कळ संज्ञांच्या बाबतीत तो खराही आहे. ‘ऑक्सिजन’ या नावाच्या व्युत्पत्तीत ‘आम्ल उत्पन्न करणारा’ असा चुकीचा अर्थ दडलेला आहे. पण त्यामुळे आज कोणाही रसायनशास्त्रज्ञाची फसगत होत नाही, कारण तो अर्थ आता मृत झाला आहे. ज्या संज्ञेचा शब्दार्थ जिवंत असतो आणि वाचकाच्या मनात आपले कार्य करीत राहतो, तिची गोष्ट मात्र निराळी. अशा संज्ञांची चिकित्सा करणे हे भाषाभ्यासकाचे कर्तव्यच ठरते.

दृष्टिपटल आणि मेंदू यांतील चेतापेशींना इजेपासून वाचवू पाहणाऱ्या संशोधनशाखेस ‘न्यूरोप्रोटेक्शन’ म्हणतात. मराठीत तिचे नाव ‘चेतासंरक्षण’ असे होते. दृष्टिपटल हे गर्भावस्थेत मेंदूतूनच बाहेर आलेल्या भागापासून घडत असल्यामुळे काचबिंदू व पक्षाघात या एकमेकींपासून दूर वाटणाऱ्या व्याधींचा विचार या शाखेत एकत्र होतो. शाखेचा हेतू निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो तिच्या नावाचा.

गिल्बर्ट राईल या तत्त्वज्ञाने १९४९ साली क्रियापदांचे दोन वर्ग स्पष्टपणे वेगळे केले. काही क्रियापदे प्रयत्न सांगतात, तर काही त्या प्रयत्नाची सिद्धी सांगतात. ‘उपचार करणे’ आणि ‘बरे करणे’ यांतील भेद हा त्याच्याच उदाहरणांपैकी एक होय. मराठीत या भेदाची कसोटी सोपी आहे. ‘रखवालदाराने रात्रभर राखण केली, पण चोरी झाली’ हे वाक्य सुसंगत आहे. ‘त्याने बुडणाऱ्याला वाचवले, पण तो बुडाला’ हे वाक्य स्वतःशीच भांडते. ‘राखण’ प्रयत्नवाचक आहे, ‘वाचवणे’ सिद्धिवाचक. ‘संरक्षण’ हा शब्द या दोहोंच्या सीमेवर उभा आहे. ‘पोलिसांनी संरक्षण दिले, तरी त्याचा खून झाला’ असे म्हणता येते. ‘लसीमुळे त्याचे देवीपासून संरक्षण झाले, तरी त्याला देवी आल्या’ असे म्हणता येत नाही. ‘देणे’ जोडले की प्रयत्न, ‘होणे’ जोडले की सिद्धी. अर्थाचा निर्णय सहायक क्रियापदाकडे आहे आणि सामासिक संज्ञेत नेमके तेच गळून पडते. परिणामी ‘चेतासंरक्षक द्रव्य’ या शब्दसंहतीतून रक्षणाची आशा आणि रक्षणाचा पुरावा या दोन्ही गोष्टी एकाच आवाजात बोलू लागतात.

समासात आणखीही काही लोपते. पाणिनीने भय आणि रक्षण या अर्थांच्या धातूंच्या योगे भयाच्या कारणास अपादान अशी संज्ञा दिली आहे. रक्षण म्हटले की कशापासून, हा प्रश्न त्या धातूच्या अर्थातच अनुस्यूत आहे, असा त्याचा आशय. त्याच न्यायाने कोणाचे रक्षण हे कर्म आणि कोठे, केव्हा हे अधिकरणही सांगणे प्राप्त होते. ‘चेतासंरक्षण’ या संज्ञेत यांपैकी कर्माचा तेवढा अर्धवट उल्लेख आहे, बाकीचे अध्याहृत. या शाखेच्या इतिहासाकडे पाहता असे दिसते, की तिची वाट पुनःपुन्हा अडली ती या अध्याहृत स्थानीच.

प्रथम अपादान घेऊ. १९५७ साली लुकस व न्यूहाउस यांनी उंदरांच्या पिलांना सोडियम ग्लुटामेट टोचले असता त्यांच्या दृष्टिपटलाचे आतील थर नष्ट झाल्याचे नोंदवले. १९६९ साली जॉन ओल्नी यांनी तोच प्रकार मेंदूतही दाखवला. चेतापेशींमधील संदेशवहनाचे द्रव्यच अतिरेकाने विष ठरते, या कल्पनेचा उगम दृष्टिपटलाच्या अभ्यासात आहे, हे उल्लेखनीय होय. येथे अपादान स्पष्ट होते: ग्लुटामेटपासून रक्षण. पुढे ग्लुटामेटच्या क्रियेस अंशतः अटकाव करणारे मेमँटीन हे औषध काचबिंदूच्या रुग्णांवर दोन मोठ्या चाचण्यांत चार वर्षे पारखण्यात आले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोगाची वाटचाल त्याने लक्षणीय प्रमाणात रोखली नाही. एका हानिकारकापासूनचे रक्षण म्हणजे रोगापासूनचे रक्षण नव्हे. परंतु ‘पासून’ हा शब्दच उच्चारला नाही, तर हा फरक सहज निसटतो.

याहूनही विलक्षण गोष्ट पुढे आहे. २०१५ साली ब्रिटनमधील एका चाचणीने, लॅटॅनोप्रोस्ट या थेंबांनी डोळ्यातील दाब उतरवल्यास काचबिंदूच्या रुग्णांचे दृष्टिक्षेत्र अधिक काळ टिकते, हे औषधविरहित थेंबांशी तुलना करून सिद्ध केले. येथे चेतापेशींची हानी मंदावली, म्हणजे रक्षण घडले. पण नेत्रवैद्यकातील संकेतानुसार ‘न्यूरोप्रोटेक्शन’ म्हणजे दाब उतरवण्याहून वेगळ्या मार्गाने केलेले रक्षण. पक्षाघातातही मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळवणे किंवा काढून टाकणे यांची गणना या संज्ञेत सहसा होत नाही. त्यांपैकी पहिल्या उपायाची उपयुक्तता १९९५ साली आणि दुसऱ्याची २०१५ साली प्रस्थापित झाली. तेव्हा ज्या उपायांनी रक्षण झाले त्यांना हे नाव नाही आणि ज्यांना हे नाव आहे त्यांपैकी बहुतेकांनी रुग्णाचे रक्षण केल्याचे सिद्ध झालेले नाही. संज्ञेचा संकेत आणि तिचा शब्दार्थ यांनी इतकी परस्परविरुद्ध तोंडे क्वचितच केली असतील.

आता कर्म. पक्षाघातावरील प्रायोगिक उपायांचा एक व्यापक आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात १,०२६ उपायांची नोंद होती. त्यांपैकी माणसांवर पारखले गेले ते ११४. प्रयोगशाळेत रक्षण झाले असे म्हणताना बहुधा प्राण्याच्या मेंदूतील मृत भागाचे आकारमान घटलेले असते. रुग्णालयात तेच म्हणायचे तर तीन महिन्यांनी तो माणूस चालतो का, स्वतःच्या हाताने जेवतो का, हे पाहावे लागते. पहिल्या वाक्याचे कर्म ऊती आहे, दुसऱ्याचे कर्म माणूस. एनएक्सवाय-०५९ या द्रव्याच्या पहिल्या मोठ्या चाचणीत, २००६ साली, रुग्णांच्या अपंगत्वात काही घट आढळली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत ती आढळली नाही. दोन्ही वेळी द्रव्याचे विशेषण ‘संरक्षक’ हेच होते.

अधिकरणाचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. जन्मतः प्राणवायूच्या अभावी मेंदूस इजा झालेल्या अर्भकांचे शरीर तीन दिवस ३३.५ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवण्याचा उपाय हा या शाखेच्या मोजक्या यशांपैकी एक. २००५ सालच्या अमेरिकेतील चाचणीत मृत्यू अथवा मध्यम वा गंभीर अपंगत्व यांचे प्रमाण नेहमीच्या शुश्रूषेत ६२ टक्के, तर थंड ठेवलेल्या बालकांत ४४ टक्के होते. तोच उपाय भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील रुग्णालयांत ४०८ बालकांवर पारखला गेला. २०२१ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की मृत्यू अथवा अपंगत्व यांचे प्रमाण थंड ठेवलेल्यांत ५० टक्के आणि इतरांत ४७ टक्के. केवळ मृत्यूंचे प्रमाण मात्र अनुक्रमे ४२ व ३१ टक्के. ‘थंडावा मेंदूचे रक्षण करतो’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु कोठे, कोणत्या बालकांत आणि कोणत्या परिस्थितीत, याचा निर्देश त्यात नसेल तर ते अपुरे, प्रसंगी प्राणघातकही ठरते.

येथे एक आक्षेप संभवतो. औषधे निष्फळ ठरली ती जीवशास्त्राच्या गुंतागुंतीमुळे. त्याचे खापर शब्दावर फोडणे म्हणजे वैयाकरणाचा अहंकार नव्हे काय? आक्षेप अंशतः मान्य केला पाहिजे. शब्दाने कोणतेही औषध फसलेले नाही. शिवाय या शाखेतील संशोधकांनी आपली चूक स्वतःच ओळखली आहे. प्राण्यांवरील प्रयोग कसे असावेत याविषयी पक्षाघाताच्या अभ्यासकांच्या एका परिषदेने १९९९ साली शिफारशी प्रसिद्ध केल्या. मात्रा किती, औषध इजेनंतर किती वेळाने दिले, ऊतीबरोबर कार्यही तपासले का, असे प्रश्न त्यांत आहेत. पण हे प्रश्न म्हणजे समासात लोपलेल्या कारकांचाच शोध होय, हे त्या आक्षेपकाच्याही ध्यानात येईल. शास्त्राला जे पुन्हा विचारावे लागले, ते भाषेने झाकून ठेवले होते. शब्दाचा दोष एवढाच, पण तो लहान नाही; कारण प्रयोगशाळेतील विधान रुग्णाच्या बिछान्यापर्यंत पोहोचते ते शब्दावर बसूनच.

मराठीत हा विषय आणू पाहणाऱ्या अभ्यासकांना यातून एक सोय आणि एक जबाबदारी प्राप्त होते. इंग्रजी संज्ञेतील संदिग्धता जशीच्या तशी उचलण्याचे बंधन मराठीवर नाही. जेथे पुरावा प्राण्यांपुरता अथवा ऊतीपुरता आहे तेथे ‘रक्षणप्रयत्न’ किंवा ‘रक्षणहेतुक द्रव्य’ असे म्हणावे. ‘रक्षण’ हा शब्द रुग्णांवरील चाचणीत परिणाम सिद्ध झाला असेल तेथेच योजावा. आणि शक्य तेथे समास सोडून पूर्ण वाक्य लिहावे. वाक्याला विभक्ती लागतात, आणि विभक्ती लागली की कोणाचे, कशापासून, कोठे या प्रश्नांची उत्तरे देणे भाग पडते. काचबिंदूने दृष्टी क्षीण होत चाललेला वृद्ध आणि अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले मातापिता यांना ‘चेतासंरक्षण’ हा शब्द ऐकू येतो तो सिद्धिवाचक अर्थानेच. त्यांच्यापर्यंत तो शब्द पोहोचण्यापूर्वी त्याची कारके पूर्ण करणे, हे भाषाभ्यासकाचे आणि वैद्यकाचे समाईक काम आहे.