परतलेल्या पलटणींचा प्रश्न

एप्रिल २०००च्या अखेरची गोष्ट. श्रीलंकेतला एलिफंट पासचा लष्करी तळ तमिळ वाघांनी जिंकल्याची बातमी घेऊन आमच्या गावातले एक निवृत्त सुभेदार माझ्याकडे आले. महार रेजिमेंटमधून ते शांतिसेनेत गेले होते. मुंबईत जन्मलेले परमवीरचक्र विजेते मेजर रामस्वामी परमेश्वरन नोव्हेंबर १९८७ मध्ये जिथे पडले, तो जाफन्याचा मुलूख त्यांनी पायाखाली घातला होता. वर्तमानपत्र माझ्यापुढे टाकून त्यांनी विचारले, "आता परत धाडतात की काय आपल्या पोरांना?"

मी तेव्हा तिशीत होतो. कोणत्याही विद्यापीठाशी माझा संबंध नव्हता, आजही नाही. वाचनालय आणि कात्रणांच्या फायली एवढीच माझी शिदोरी. सुभेदारांना मी ठाम उत्तर दिले : नाही, आणि धाडूही नये. पुढे जून २०१४ मध्ये इराकमधले मोसुल शहर 'इसिस'च्या हाती पडले. तेव्हा तेच उत्तर मी अमेरिकेच्या बाबतीतही एका वर्तमानपत्राच्या पत्रव्यवहारात लिहून मोकळा झालो. आज त्यातले पहिले उत्तर मला बरोबर वाटते, दुसरे चुकीचे. असे का, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

इराकविषयी आपल्याकडे दोन मते सर्रास मांडली जातात. पहिले असे की, ओबामांनी सैन्य काढून घेतले म्हणून इसिस माजली. पण २०११ अखेर सैन्य काढून घेण्याचा करार २००८ मध्ये, बुश यांच्याच कारकिर्दीत झाला होता. काही तुकड्या मागे ठेवण्याची बोलणी झाली, पण अमेरिकी सैनिकांना इराकी कायद्यापासून संरक्षण देण्याच्या मुद्द्यावर ती फिसकटली. शेवटचा ताफा १८ डिसेंबर २०११ रोजी इराकची सीमा ओलांडून गेला आणि दुसऱ्याच दिवशी सुन्नी उपराष्ट्राध्यक्ष तारिक अल्-हाशिमी यांच्या नावे अटकेचे वॉरंट निघाले. वर्षभराने अनबार प्रांतात सुन्नींची निदर्शने सुरू झाली. डिसेंबर २०१३ मध्ये पंतप्रधान मलिकींनी रमादीतला निदर्शकांचा तळ उखडला आणि पुढच्याच महिन्यात फलुजा हातचे गेले. मोसुल पडले तेव्हा सैन्य का पळाले याचाही उलगडा पुढे झाला. नवे पंतप्रधान अबादी यांनीच सांगितले की, ५०,००० सैनिक केवळ पगारपत्रकावर होते! पोकळी अमेरिकेच्या जाण्याने उघडी पडली हे खरे, पण घर आतून पोखरले होते ते बगदादने.

दुसरे मत माझेच होते : परकीय सैन्याने दुखणे दिले, तेच औषध कसे देणार? ऐकायला हे बिनतोड वाटते. पण ज्याने आग लावली त्याला पाणी ओतण्याचा अधिकार नाही, असे म्हणून जळणाऱ्या घरातल्या माणसांचे काय भले होते? ऑगस्ट २०१४ मध्ये सिंजारच्या डोंगरावर हजारो यझिदी अडकले होते. खाली शिरच्छेद आणि बायकामुलींचा बाजार. त्यांच्यापुढे माझा युक्तिवाद वाचून दाखवण्याची माझी छाती झाली नसती. आणि ही आग तिकडचीच होती असेही नाही. त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या कल्याणमधले चार तरुण तिकडे गेले. मोसुलमध्ये पळवून नेलेले ३९ भारतीय मजूर मारले गेल्याचे मार्च २०१८ मध्ये जाहीर झाले.

अमेरिकेने २०१४ मध्ये जे केले ते २००३ पेक्षा तीन बाबतींत वेगळे होते. एक, इराकी सरकारने मदत मागितली होती. दोन, जमिनीवरची लढाई इराकी आणि कुर्द सैनिकांनी लढायची होती. अमेरिकेने विमाने, हेरगिरी आणि सल्लागार द्यायचे होते. तीन, मदतीआधी किंमत वसूल केली गेली. जूनमध्ये मोसुल पडताच बगदादने हवाई हल्ले मागितले, पण ओबामांनी आधी फक्त ३०० पर्यंत सल्लागार धाडायचे ठरवले. लगेच बॉम्बफेक केली तर मलिकींवरचा दबाव ओसरेल, असा त्यांचा हिशोब होता. ८ ऑगस्टला हल्ले सुरू झाले. १४ ऑगस्टला मलिकींनी पद सोडायचे जाहीर केले. जुलै २०१७ मध्ये मोसुल सुटले.

याचा जयजयकार मात्र करवत नाही. मलिकींवरचा दबाव टिकवण्यासाठी जे आठवडे गेले, त्यांतच सिंजार पडले. मोसुलच्या जुन्या शहराचा ढिगारा झाला. मार्च २०१७ मधल्या एकाच हवाई हल्ल्यात शंभरावर नागरिक दगावल्याचे पेंटॅगॉनने स्वतः मान्य केले. म्हणजे योग्य हस्तक्षेपाचाही हिशोब रक्तातच मांडावा लागतो. तरीही न करण्याची किंमत मला याहून मोठी दिसते.

आता श्रीलंका. १९८७च्या जुलैत करार करून गेलेली शांतिसेना २४ मार्च १९९० रोजी परतली. सुमारे बाराशे जवान गमावून. ज्या प्रेमदासांनी तिला जायला सांगितले, त्यांच्याच सरकारने वाघांशी बोलणी मांडली होती. तीन महिन्यांत वाघांनी शरण आलेल्या शेकडो पोलिसांना ठार मारले आणि युद्ध पुन्हा पेटले. १९९१ मध्ये राजीव गांधी, १९९३ मध्ये स्वतः प्रेमदासा बळी गेले. २००० साली एलिफंट पास पडल्यावर जाफन्यातले हजारो श्रीलंकन सैनिक कोंडीत सापडले. कोलंबोने भारताकडे हात पसरला. वाजपेयी सरकारने लष्करी मदत नाकारली.

वरच्या तीन कसोट्या इथे लावा. मागणी होती. पण उत्तरेत भारतीय जवान हवा असलेले कोणीही नव्हते. तमिळांनाही नको, सिंहलींनाही नको. आणि बळ पुरवून सत्तेत तमिळांना वाटा मिळवून देण्याची खात्री कोण देणार होते? पाकिस्तान, इस्राएलकडून शस्त्रे मिळवून श्रीलंकेच्या सैन्याने जाफना राखले. म्हणजे जमीन राखणारे हात तिथे होते. आपला नकार योग्यच होता.

पण तो नकार म्हणजे जबाबदारीतून सुटका, असे मी सुभेदारांना सुचवले होते, ती माझी चूक. शस्त्रे इतरांनी दिली, तसा कोलंबोवरचा आपला वचकही गेला. २००९च्या अखेरच्या लढाईत चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या समितीने मांडला. तेव्हा आपल्या शब्दाला कोलंबोत फारसे वजन उरले नव्हते.

अफगाणिस्तानने ही कसोटी शेवटपर्यंत नेली. १५ ऑगस्ट २०२१ रोजी अध्यक्ष घनी देश सोडून गेले. मदत मागणारे सरकारच उरले नाही, जमीन धरणारे सैन्य विरघळले. तिथे परत जाणे म्हणजे नव्याने देश जिंकणे झाले असते. अमेरिका परतली नाही, याबद्दल तिला दोष देता येत नाही. वीस वर्षांत असे पोकळ सैन्य उभे केले याबद्दल द्यावा लागतो.

तेव्हा 'परत जावे का?' हा प्रश्न एकट्याने विचारण्यात अर्थ नाही. कोण बोलावते आहे, जमीन कोण धरणार आहे, आणि बोलावणारा आपल्याच माणसांना काय द्यायला तयार आहे, हे आधी विचारावे. यातला तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा.

सुभेदार आता नाहीत. त्या दिवशी माझे उत्तर ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग उठताना म्हणाले, "नाही जायचं तर नाही. पण मग तिथल्या लोकांचं काय, ते बी लिहा." ते लिहायला मला पंचवीस वर्षे लागली.