ईमेल-मंडळांचीं जुनीं दप्तरें : एक साधनपरीक्षा

विसाव्या शतकाच्या आरंभीं आपल्याकडे जुन्या कागदांच्या परीक्षेची जी पद्धति रूढ झाली, तिचा मुख्य दंडक असा कीं, कागद अस्सल कीं नक्कल, तो कोणाच्या दप्तरीं निघाला आणि आपल्या हातीं येईपर्यंत कोणाकोणाच्या हातांतून गेला, हें ठरल्याखेरीज त्यांतील मजकूर प्रमाण मानूं नये. बखरीहून पत्र श्रेष्ठ, हें सूत्र त्यांतलेंच. सांप्रत ईमेलवर चालणाऱ्या चर्चामंडळांतील वीस-तीस वर्षांपूर्वींच्या निरोपांचे दाखले लेखांतून येऊं लागले आहेत. अशा मंडळांत एका पत्त्यावर धाडलेलें पत्र सर्व सभासदांस पोंचतें व त्याची एक प्रत संग्रहीं पडते. तो संग्रह म्हणजेच मंडळाचें दप्तर. परंतु अमक्या तारखेचा अमक्याचा निरोप, एवढें लिहून लेखक मोकळे होतात. तो कोठून काढला, कोणत्या रूपांत पाहिला, हें सांगत नाहींत. मोडी कागदाविषयीं जी काळजी हेच लेखक घेतात, ती येथें कां घेत नाहींत, हें आम्हांस उमजत नाहीं. म्हणून कांहीं प्रसिद्ध उदाहरणें घेऊन या साधनाची परीक्षा करण्याचें योजिलें आहे.

प्रथम असें उदाहरण घेऊं कीं ज्यांत शोध यथाशास्त्र झाला. विसर्गासारखे दोन ठिपके, एक आडवी रेघ व एक कंस, अशी हसऱ्या चेहऱ्याची खूण आज पोराटोरांसही ठाऊक आहे. ती अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठांत स्कॉट फाल्मन यांनीं संगणकावरील सूचनाफलकावर सुचविली, अशी कथा पुष्कळ वर्षें सांगितली जात होती. हा फलक म्हणजे ईमेल-मंडळाचा सख्खा भाऊच. पण मूळ निरोप कोणाजवळही नव्हता. खुद्द फाल्मन यांनींही तो ठेविला नव्हता. म्हणजे साधन काय तें कर्त्याची आठवण, अर्थात् बखरच. पुढें त्या विद्यापीठाच्या संगणकांच्या राखीव नकला ज्या चुंबकीय फितींवर उतरलेल्या होत्या, त्यांचा शोध झाला. जुनी फीत वाचणारें यंत्र मिळविणें, फितीवरील नोंदींची मांडणी उलगडणें आणि मग त्या ढिगांतून नेमका फलक हुडकणें, हीं सर्व कामें पार पडल्यावर ऑक्टोबर १९८२ च्या राखीव नकलेंत तो निरोप जेफ बेअर्ड यांस १० सप्टेंबर २००२ रोजीं सांपडला. त्यावरील तारीख १९ सप्टेंबर १९८२, वेळ ११ वाजून ४४ मिनिटें.

तारीख मिळाली हा लाभ लहान. निरोपाचे शेजारी मिळाले हा मोठा. लिफ्टची दोरी तुटल्यास आंतील पेटत्या मेणबत्तीचें व तळावरील पाऱ्याच्या थेंबाचें काय होईल, असें एक कोडें त्या फलकावर आलें होतें. त्यावरून कोणीं तरी थट्टेनें इशारा लिहिला कीं, एक लिफ्ट पाऱ्यानें दूषित झाली आहे. ती थट्टा खरी मानली जाऊं लागतांच, थट्टेच्या निरोपास कांहीं खूण असावी अशी चर्चा निघाली. एकानें तारका सुचविली, दुसऱ्यानें टक्क्याचें चिन्ह. आणखीही चिन्हें पुढें आलीं. फाल्मन यांचा निरोप या रांगेंतला आहे. शिवाय त्यांत एक गोष्ट अशी आहे कीं ती आज कोणी सांगत नाहीं. उलट्या कंसाची जी खूण आज आपण दुःखदर्शक म्हणून वापरतों, ती तेथें दुःखासाठीं नसून, हा मजकूर थट्टेचा नव्हे, एवढेंच दर्शविण्यासाठीं सुचविलेली आहे. मूळ कागद पाहिल्यावांचून हें कळण्याचा संभव नव्हता.

तथापि या शोधावरून ही जगांतील पहिली खूण होय असें जें लिहिलें जातें, तें कागदाच्या शक्तीबाहेरचें आहे. इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' नामक संगणकव्यवस्थेवर १९७० नंतरच्या दशकांतच लोक एका अक्षरावर दुसरें अक्षर छापून चेहरे काढीत असत. फीत एका फलकापुरतें सांगते, जगाविषयीं सांगत नाहीं.

दुसरें उदाहरण टोरांटोचें. यूजनेट या चर्चाजाळ्यावरील निरोप आरंभीच्या काळांत थोड्या दिवसांनीं पुसून टाकण्याचा परिपाठ होता, कारण साठवणीस जागा नसे. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागांतील हेन्री स्पेन्सर यांनीं मात्र १९८१ पासून १९९१ पर्यंतचे निरोप फितींवर उतरून ठेविले. फिती १४१, निरोप सुमारें २० लक्ष. पुढें वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठांतील डेव्हिड वाइझमन यांनीं त्या मालमोटारींतून नेऊन वाचून काढण्याचें काम अंगावर घेतलें, व ११ डिसेंबर २००१ रोजीं गूगल कंपनीनें त्यांतील निरोप सर्वांस खुले केले. एखाद्या कुळकर्ण्यानें माळ्यावर रुमाल बांधून ठेवावे व ते संशोधकाच्या हातीं लागावे, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें बांधणारा व सोडणारा एकाच पिढींतले.

या उपकाराबद्दल ऋण मान्य करूनही एक आक्षेप नोंदविणें भाग आहे. पडद्यावर दिसतें तें पत्र नव्हे. तें पत्राचें प्रकाशन आहे. त्यांत पत्ते अर्धवट झांकलेले असतात, शीर्षाच्या ओळी गाळलेल्या असतात आणि कोणता निरोप कोणाच्या उत्तरादाखल, हें संपादकाऐवजीं यंत्रानें ठरविलेलें असतें. मूळ फितींची नक्कल 'इंटरनेट आर्काइव्ह' या संस्थेच्या संग्रहीं होती, तीच ताडून पाहण्यास खरी उपयोगी; पण २०२० सालीं कायदेशीर मागण्यांमुळें ती तेथून काढून घेण्यांत आली. तक्रारदाराची तक्रार खरी असेल; तरी कांहीं निरोपांसाठीं दहा वर्षांचें सबंध दप्तर बंद व्हावें, हा उपाय रोगाहून भारी झाला असें आमचें मत आहे.

शीर्षाच्या ओळींस आम्ही इतकें महत्त्व कां देतों, तें एका तोतयाच्या कथेवरून ध्यानीं येईल. १ एप्रिल १९८४ रोजीं यूजनेटवर सोव्हिएत संघाचे प्रमुख चेर्नेन्को यांच्या नांवें एक निरोप आला, आणि सोव्हिएत संघ या जाळ्यांत सामील होत असल्याची वार्ता त्यांत होती. पाठविणाऱ्या यंत्राचें नांव 'क्रेमव्हॅक्स'. कित्येकांस तो खरा वाटला. कर्ता ॲमस्टरडॅम येथील पीट बीर्टेमा. त्या काळच्या निरोपावर मार्गाची एक ओळ असे. निरोप ज्या ज्या यंत्रावरून जाई तें तें यंत्र आपलें नांव त्या ओळीच्या डाव्या टोंकास जोडी. म्हणून ती ओळ वाचणाऱ्याकडून पाठविणाऱ्याकडे वाचावी लागते. या निरोपाची ओळ तशी वाचीत गेल्यास ॲमस्टरडॅमच्या यंत्रापर्यंत ती खरी. त्यापलीकडील मॉस्कोचीं नांवें केवळ लिहिणाऱ्याच्या शब्दावर. टपालाच्या शिक्क्यांत कोणता टपालखात्यानें मारला व कोणता पाकिटावर आधींच काढलेला होता, असा हा भेद आहे. ईमेलमध्येंही जीं यंत्रें पत्र स्वीकारतात तीं आपली नोंद सर्वांत वर करतात, व खालच्या नोंदींवर तितकाच अविश्वास ठेवावा लागतो. गंमत अशी कीं, पुढें मॉस्कोंत खरेंच जाळें सुरू झाल्यावर तेथील मंडळींनीं एका यंत्रास थट्टेनें तेंच नांव दिलें. तेव्हां 'क्रेमव्हॅक्स' नांवाचें यंत्र नव्हतेंच असें म्हणणारा टीकाकारही फसेल. मार्गाची ओळ छाटलेल्या प्रतींत यांतलें कांहींच उरत नाहीं.

नक्कलकाराचे प्रमादही येथें आहेत. पुष्कळ मंडळांचीं दप्तरें एकाच लांब फाईलींत एकामागून एक पत्रें लिहून ठेवलेल्या रूपांत असतात, व नवें पत्र 'फ्रॉम' या शब्दानें ओळखलें जातें. पत्राच्या पोटांतच एखादी ओळ त्या शब्दानें सुरू झाली, तर यंत्र तिच्यापुढें एक कोनखूण घालतें. इकडे दुसऱ्याचा मजकूर उद्धृत करितांना लोक हीच कोनखूण घालतात. परिणामीं लेखकाचें स्वतःचें वाक्य वाचकास दुसऱ्याचें वाटूं शकतें. पाठभेदाची ही जात पोथ्यांत आढळत नाहीं, परंतु पोथ्या वाचणाऱ्यास ती समजण्यास कठीण नाहीं.

आतां आपल्या भाषेकडे. यूजनेटवर मराठी मंडळींचा 'सॉक.कल्चर.इंडियन.मराठी' हा गट होता. त्या काळीं संगणकावर देवनागरी सुलभ नसल्यानें मराठी मजकूर रोमन लिपींत लिहीत. 'आयट्रान्स'सारख्या पद्धतींत मोठें रोमन अक्षर घातलें म्हणजे ट व ण, लहान घातलें म्हणजे त व न. शोधयंत्रें बहुधा हा लहानमोठेपणा मानीत नाहींत. सबब मात आणि माट यांत त्यांस भेद नाहीं. याहून बिकट अवस्था त्या पत्रांची, जीं विशिष्ट फाँट वापरून देवनागरींत लिहिलीं गेलीं. त्यांत साठविलेलीं असतात तीं रोमन चिन्हेंच, व फाँट हरवला कीं पत्र अगम्य होतें. युनिकोड रुळण्यापूर्वींच्या अशा पत्रांसाठीं मोडीप्रमाणें वाचक तयार करावे लागतील.

मध्यंतरीं एका स्नेह्यांनीं आम्हांस परदेशस्थ मराठी लोकांच्या एका बंद पडलेल्या मंडळाच्या पत्रांचा छापील गठ्ठा दाखविला. पत्रें वाचनीय आहेत. एका गांवच्या वतनदार घराण्याविषयीं त्यांत एका सभासदानें दिलेली माहिती अन्यत्र आमच्या पाहण्यांत नाहीं. परंतु छापतांना कागद वांचावा म्हणून प्रत्येक पत्राचें शीर्ष कापलेलें, तारखा फक्त दिवस-महिन्याच्या. सन नसलेल्या पेशवाई पत्राप्रमाणें यांची कालनिश्चिति आंतल्या उल्लेखांवरून करावी लागली, आणि चार पत्रांपलीकडे आमची मजल गेली नाहीं. मूळ दप्तर याहू ग्रुप्सवर होतें. ती सेवा चालविणाऱ्यांनीं ऑक्टोबर २०१९ मध्यें जुना मजकूर काढून टाकण्याचें जाहीर केलें व १५ डिसेंबर २०२० रोजीं सेवाच बंद झाली. स्वयंसेवकांनीं पुष्कळ गट उतरून घेतले, पण त्यांत हा नाहीं. एवढी मुदत असतां मंडळाच्या एकाही सभासदास नक्कल करून ठेवावीशी वाटली नाहीं, याचा दोष कंपनीपेक्षां आम्ही मंडळाकडेच अधिक देतों.

वतनदार घराण्याविषयींचीं तीं चार पत्रें शीर्षाअभावीं आम्ही येथें छापीत नाहीं. त्या सभासदांच्या घरीं एक जुना संगणक माळ्यावर पडून आहे व त्यांत त्यांची आलेली टपाल असावी, असें स्नेह्यांकडून कळतें. ती मिळाल्यास पत्रें समग्र शीर्षासह पुढील अंकीं देऊं. इतर कोणाजवळ अशा मंडळांचीं दप्तरें असल्यास त्यांनीं छापील कागद न धाडतां मूळ फाईल जशीच्या तशी, कांहीं न सुधारतां, पाठवावी.